ओसाका : दर दोन स्टेशनांनी बदलणारं शहर

तोक्योहून ओसाकाला येणारा पर्यटक बहुतेक वेळा एक संध्याकाळ दोतोम्बोरीच्या कालव्यावर काढतो, धावणाऱ्या माणसाच्या पाटीपुढे फोटो घेतो, ताकोयाकी (ऑक्टोपस घातलेले गोळे) खातो आणि क्योतोची गाडी धरतो. ओसाकाची खरी मजा मात्र तिच्या पेठांमध्ये आहे. कुठली पेठ व्यापाऱ्यांच्या पैशाने उभी राहिली, कुठली प्रदर्शनाच्या रिकाम्या मैदानावर, कुठली समुद्र ओलांडून पोटासाठी आलेल्यांनी वसवली. दोन स्टेशनं पुढे गेलं की खाणं, भाव आणि दुकानदाराचा सूरही बदलतो.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा निवडण्याचं कारण साधं आहे. दुपारी पातळ स्वेटर पुरतो, हवा कोरडी असते आणि गिंकोची झाडं पिवळी पडत असतात. पण सूर्य पाचच्या आतच मावळतो, त्यामुळे उजेडात पाहायच्या जागा सकाळी उरकायच्या आणि दिव्यांच्या जागा मागे ठेवायच्या, हा क्रम पाळावा लागतो. मुक्काम तेन्नोजी किंवा शिन-इमामिया स्टेशनाजवळ ठेवला की विमानतळावरून थेट गाडी मिळते आणि खोल्याही उत्तरेकडच्या गजबजलेल्या उमेदापेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर : शितेन्नोजी, शिनसेकाई आणि रुळांपलीकडचा भाग

दर महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला शितेन्नोजी मंदिराच्या आवारात जुना बाजार भरतो. जुने किमोनो, तांब्याच्या किटल्या, हत्यारं, पोस्टकार्डं, सुकवलेली फळं, सगळं ताडपत्रीवर मांडलेलं. किमोनोंचे ढीग पाचशे-हजार येनांपासून सुरू होतात. घेण्याआधी काखेतली शिवण आणि अस्तरावरचे पिवळे डाग पाहायचे. रेशीम तिथेच आधी फाटतं. घासाघीस चालते, पण एकदाच आणि हसत. दुपारी तीननंतर विक्रेते आवराआवर करू लागतात.

मंदिराची स्थापना इ.स. ५९३ची, राजपुत्र शोतोकुची. ते बांधायला कोरियातून आणलेल्या सुतारांपैकी एकाच्या वंशातून ‘कोंगो गुमी’ ही बांधकाम संस्था चालत आली. ५७८ मध्ये सुरू झालेली ही संस्था जगातली सर्वांत जुनी मानली जाते; २००६ पासून ती एका मोठ्या कंपनीचा भाग आहे. सध्याचा पॅगोडा आणि मुख्य इमारती मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर काँक्रीटमध्ये उभारलेल्या आहेत. जुनं पाहायचं असेल तर पश्चिमेकडचं दगडी तोरी पाहा, ते १२९४चं आहे. संपातदिनी सूर्य बरोबर या कमानीतून मावळताना दिसतो. एके काळी त्या बाजूला समुद्र होता आणि लोक इथे उभं राहून मावळत्या सूर्याची उपासना करत. समुद्र आता कित्येक किलोमीटर लांब गेला आहे, हे लक्षात ठेवायचं. पुढे त्याचा संबंध येतो.

शितेन्नोजी उंच पठारावर आहे. तिथून पश्चिमेला उतार उतरला की आठ-दहा मिनिटांत इश्शिनजी लागतं. इथल्या बुद्धमूर्ती भाविकांनी आणून दिलेल्या अस्थींच्या चूर्णापासून घडवलेल्या आहेत. १८८७ पासून ही प्रथा चालू आहे, साधारण दहा वर्षांच्या अस्थी एकत्र करून एक मूर्ती करतात. युद्धातल्या बॉम्बफेकीत आधीच्या सहा मूर्ती गेल्या. आज दिसतात त्या नंतरच्या. मूर्तींसमोर येणारे पर्यटक नसतात, आजी-आजोबांना भेटायला आलेले घरचे लोक असतात. त्यामुळे कॅमेरा पिशवीत ठेवलेला बरा.

उताराच्या पायथ्याशी शिनसेकाई. १९०३च्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाची ही जागा. १९१२ मध्ये तिथे करमणुकीची नवी पेठ उभी राहिली, मधोमध पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून सुचलेला पहिला त्सूतेनकाकू मनोरा. १९४३ मध्ये शेजारच्या आगीत तो होरपळला आणि त्याचं लोखंड युद्धासाठी गेलं. आजचा १०८ मीटरचा मनोरा १९५६चा. तोक्यो टॉवरचा आराखडा करणाऱ्या नाइतो ताचू यांनीच तो बेतला. वर जायचं तिकीट काढण्याची गरज नाही. रात्री खालून त्याच्या टोकाकडे पाहिलं तरी दुसऱ्या दिवशीचं हवामान कळतं: पांढरा दिवा म्हणजे निरभ्र, नारिंगी म्हणजे ढगाळ, निळा म्हणजे पाऊस.

इथलं खाणं कुशिकात्सु. काडीला टोचलेला तुकडा ब्रेडच्या बारीक चुऱ्यात घोळवून तळतात आणि पातळ, आंबटगोड सॉसमध्ये बुडवतात. सॉसचं भांडं सगळ्यांचं सामायिक असेल तर एकदा चावा घेतलेली काडी पुन्हा त्यात बुडवायची नाही, हा नियम भिंतीभिंतीवर लिहिलेला दिसतो. सॉस कमी पडला तर समोर ठेवलेल्या कच्च्या कोबीच्या पानाने उचलून वर ओतायचा. कोबी बहुतेक ठिकाणी फुकट असतो. करोनानंतर बऱ्याच दुकानांनी भांडं काढून बाटली ठेवली आहे. एक काडी साधारण दीडशे-दोनशे येनांना. भाज्यांमध्ये कमळकाकडी, शतावरी, शिताके अळंबी, कांदा आणि लाल आलं मिळतं. लाल आल्याची ही तळलेली चकती ओसाकाबाहेर फारशी दिसत नाही, ती चुकवू नये. मात्र कट्टर शाकाहारी माणसाने एक जाणून घ्यावं: सगळं एकाच तेलात तळतात आणि ते पुष्कळदा प्राणिजन्य चरबीचं असतं.

जानजान योकोचो ही बोळ जेमतेम अडीच मीटर रुंद. काचेआड शोगीचे (जपानी बुद्धिबळाचे) पट मांडलेले, बाहेर उभे राहून चाली पाहणारे म्हातारे आणि पुढे आणखी कुशिकात्सु. बोळ संपली की रस्ता रुळांखालून जातो आणि पलीकडे निशिनारी वॉर्डाचा जो भाग लागतो, त्याला जुने लोक कामागासाकी म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकांत बंदरावर आणि बांधकामांवर लागणारे रोजंदारी मजूर इथे राहत. तीन तातामींची (चटयांची) खोली, सामायिक न्हाणी, रोजचं भाडं. १९७०च्या जागतिक प्रदर्शनाचं शहर उभं राहिलं ते या हातांनी. मजूर म्हातारे झाले, कामं आटली. पहाटे ठेकेदार जिथे माणसं उचलत ती मजूर केंद्राची इमारत २०१९ मध्ये बंद झाली. त्याच खोल्यांपैकी कित्येक आता परदेशी पाठपिशवीवाल्यांना भाड्याने मिळतात, आणि शिन-इमामिया स्टेशनासमोर २०२२ मध्ये एक आलिशान हॉटेलही उघडलं आहे. भाग धोकादायक म्हणून सांगतात ते अतिशयोक्त आहे. दिवसा निर्धास्त फिरता येतं. माणसांचे फोटो मात्र काढायचे नाहीत. पन्नास-साठ येनांत थंड चहा देणारी यंत्रं इथेच दिसतात. इतरत्र तीच बाटली दीडशेच्या पुढे.

रात्री परतताना ३०० मीटर उंचीच्या आबेनो हारुकास इमारतीचा सर्वांत वरचा, पैसे भरून जायचा सज्जा टाळून सोळाव्या मजल्यावरच्या खुल्या बागेत जाता येतं. ती फुकट आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर : नदीपासून कालव्यापर्यंत, मिदोसुजीने पायी

शनिवार-रविवारी ओसाका मेट्रोचा ‘एन्जॉय इको कार्ड’ नावाचा दिवसभराचा पास ६२० येनांना मिळतो, इतर दिवशी ८२०. सर्वांत लहान प्रवासाचं भाडं १९० असल्यामुळे सुटीच्या दिवशी चौथ्या फेरीला पास वसूल होतो. जेआर, किनतेत्सु, नानकाई, हानक्यू या गाड्या त्यात नाहीत, हे विसरून फाटकापाशी अडणारे पुष्कळ. पास स्टेशनावरच्या तिकीट यंत्रात मिळतो. यासोबत इतर गाड्यांसाठी इकोका हे पैसे भरून वापरायचं वेगळं कार्ड ठेवावं: २००० येनांचं घेतलं की ५०० अनामत आणि १५०० खर्चायला.

योदोयाबाशी स्टेशनाची जुनी कमानदार, उंच छताची रचना आत उतरतानाच पाहण्यासारखी. मिदोसुजी मेट्रोमार्ग १९३३ मध्ये उमेदा ते शिनसाईबाशी एवढाच सुरू झाला. तेव्हा गाडीला एकच डबा होता, पण फलाट एवढे लांब बांधले की आजची दहा डब्यांची गाडी तिथे मावते. वरचा रस्ता त्याच योजनेतला. सहा मीटरची गल्ली फोडून ४४ मीटर रुंद हमरस्ता करायचा हट्ट महापौर सेकी हाजिमे यांनी धरला. लोकांनी विचारलं, शहराच्या मध्यात विमानतळ करताय का? रस्ता १९३७ मध्ये पुरा झाला. सेकी त्याआधी दोन वर्षं वारले होते. १९७० पासून इथली सगळी वाहनं फक्त दक्षिणेकडे जातात, म्हणून रस्ता ओलांडताना एकाच बाजूला बघायची सवय लागते आणि मग पुढच्या चौकात गोंधळ होतो.

नाकानोशिमा हे दोन नद्यांमधलं चिंचोळं बेट. लाल विटांचं सार्वजनिक सभागृह १९१८चं. इवामोतो एइनोसुके या शेअर दलालाने त्यासाठी १९११ मध्ये दहा लाख येन दिले. पहिल्या महायुद्धात बाजार उलटला, तो कर्जबाजारी झाला. दिलेल्या देणगीतले थोडे परत मागा, असं लोकांनी सुचवलं. त्याने नकार दिला आणि १९१६ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. सभागृह त्याच्यानंतर दोन वर्षांनी उघडलं. शेजारचं १९०४चं ग्रंथालय सुमितोमो घराण्याच्या पैशाचं. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या राजवटीत (सतरावं ते एकोणिसावं शतक), शहरातल्या दोनशेच्या आसपास पुलांपैकी सरकारी फक्त बारा, बाकीचे व्यापाऱ्यांनी स्वतः बांधले. ओसाका व्यापाऱ्यांचं शहर असं पुस्तकात वाचतो, त्याचा अर्थ इथे कळतो. नदीच्या उत्तरेला दोजिमा: १७३० मध्ये शोगुनशाहीने मान्यता दिलेला तांदूळबाजार. पुढच्या तारखेच्या भावाचे सौदे करणारा जगातला पहिला संघटित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. जागेवर आता फक्त स्मारक आहे.

दक्षिणेला पाच मिनिटांवर दोशोमाची, औषधांची पेठ. बड्या जपानी औषध कंपन्यांची मुळं याच रस्त्यावरची. २२ आणि २३ नोव्हेंबरला इथल्या सुकुनाहिकोना देवळाची जत्रा असते. देऊळ दोन इमारतींच्या फटीत आहे. इतर दिवशी पाटी नसेल तर पुढे निघून जाल. १८२२ मध्ये शहरात पटकी पसरली, तेव्हा इथल्या औषध व्यापाऱ्यांनी वाघाच्या कवटीचा अंश घालून गोळ्या केल्या आणि सोबत कागदाच्या लगद्याचे वाघ वाटले. म्हणून जत्रेत हिरव्या बांबूच्या डहाळीला बांधलेला पिवळा वाघ मिळतो. बोटाएवढा, मान वेगळी जोडलेली. डहाळी हलली की मान डुलते. घरोघरी तो वर्षभर दारापाशी टांगतात आणि पुढच्या वर्षी जुना परत आणून नवा नेतात. रांग गल्लीच्या तोंडापासून लागते, पण ती सरकते. सकाळी दहाच्या आत गेलं तर पाऊण तास वाचतो. ओसाकाच्या वर्षातली ही शेवटची मोठी जत्रा, त्यामुळे कार्यालयांतली माणसं सुटी असूनही येतात.

तिथून दोतोम्बोरीजवळच्या नाम्बापर्यंत पायी चाललं तर थांबत-थांबत तासभर. वाटेत उड्डाणमार्गाच्या पोटात बांधलेलं सेम्बा सेंटर लागतं, १९७०चं, जवळपास एक किलोमीटर लांब, कापडाच्या घाऊक दुकानांचं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार बरा. छत्र्या, मोजे आणि रुमाल इथे शिनसाईबाशीच्या निम्म्या दरात. काही दुकानांवर फक्त घाऊक विक्रीची पाटी असते. आत शिरण्याआधी विचारावं.

दोतोम्बोरी अंधार पडल्यावरच. कालवा १६१२ ते १६१५ मध्ये खोदलेला, काठावर नाटकशाळा. त्या बहुतेक गेल्या, जाहिराती राहिल्या. धावणाऱ्याची पहिली पाटी १९३५ची, आजची सहावी. १९८५ मध्ये हानशिन टायगर्स हा बेसबॉल संघ जिंकल्यावर चाहत्यांनी तळलेल्या चिकनच्या दुकानापुढचा कर्नलचा पुतळा याच पाण्यात फेकला. तो २००९ मध्ये गाळात सापडला. संघाला पुन्हा अजिंक्यपद मिळायला २०२३ उजाडलं, आणि दोष अर्थातच पुतळ्याच्या शापाला. अर्धा तास इथे पुरे. गर्दीच्या पाठीमागे होझेनजीची दगडी बोळ आहे, तिथे फुदो देवाची मूर्ती शेवाळाने इतकी मढली आहे की चेहरा दिसत नाही. हार-फुलं नाहीत, ओगराळ्याने पाणी घेऊन मूर्तीवर शिंपडायचं, म्हणूनच शेवाळ हिरवं राहतं. शेजारी लाल चवळीसारख्या अझुकीचं गरम, गोड झेनझाई मिळतं, एका माणसाला दोन वाट्या. त्यात मासळीचा अर्क नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाची इथे सोय होते. सोबत खारवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा देतात, तो मध्येमध्ये चघळायचा.

कुरोमोन बाजार पूर्वी आचाऱ्यांचा होता. आता एका खेकड्याच्या पायाचे भाव वाचून माघारी फिरावंसं वाटतं. त्याऐवजी दीडशे मीटरची दोगुयासुजी पाहावी: हॉटेलांना लागणारी भांडी, ताकोयाकीचे बिडाचे साचे, नोरेन पडदे, मेणासारख्या दिसणाऱ्या नकली पदार्थांच्या थाळ्या. बिडाचा साचा अप्पेपात्रासारखा दिसतो आणि वापरताही तसाच येतो. पण वजन दोन-अडीच किलो भरतं आणि गॅसच्या शेगडीचा की इंडक्शनचा ते विचारून घ्यावं.

रविवार : उमेदाचं तळघर, नाकाझाकिचो आणि लांबच लांब बाजार

उमेदात हरवणं ठरलेलंच. जेआरचं स्टेशन ‘ओसाका’, मेट्रोचं ‘उमेदा’, हानक्यू आणि हानशिनचं २०१९ पासून ‘ओसाका-उमेदा’, शिवाय हिगाशी-उमेदा, निशि-उमेदा आणि किताशिनची. सगळी एकमेकांना जमिनीखालच्या बाजारपेठांनी जोडलेली. फोनवरचा नकाशा खाली चुकतो, कारण त्याला मजला कळत नाही. उपाय दोन: पिवळ्या पाट्यांवरचा बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक पाहून चालायचं, किंवा सरळ वर येऊन दिशा धरायची. मेट्रोच्या तिन्ही उमेदांमध्ये (उमेदा, हिगाशी-उमेदा, निशि-उमेदा) गाडी बदलताना फाटकाबाहेर पडावं लागतं. तीस मिनिटांत पुन्हा आत गेलात तर भाडं एकच लागतं. वाटेत कॉफी प्यायला बसलात की नव्याने कापतात. सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभं राहतात, तोक्योच्या उलट.

हानक्यूचं डिपार्टमेंट स्टोअर १९२९चं, रेल्वे स्थानकालाच जोडलेलं. मंदीच्या काळात त्याच्या भोजनालयात लोक नुसता भात मागवत आणि टेबलावरचा फुकटचा सॉस ओतून खात. दुसऱ्यांनी अशी गिऱ्हाइकं हाकलली. मालक कोबायाशी इचिझो यांनी त्यांचं स्वागत केलं, ही मुलं उद्या संसार घेऊन येतील म्हणून. उत्तरेला मालगाड्यांच्या यार्डाच्या जागी सप्टेंबर २०२४ मध्ये मोठं उद्यान खुलं झालं. हिरवळीवर डबे उघडून बसलेली कुटुंबं आणि चारी बाजूंना काचेचे मनोरे. ओसाकाची सर्वांत महागडी जमीन बसायला फुकट.

या मनोऱ्यांपासून पायी दहा मिनिटांवर नाकाझाकिचो. १९४५ची बॉम्बफेक इथे पोहोचली नाही, म्हणून दोन मजली लाकडी चाळी टिकल्या. बोळी इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटावं लागतं. दारात कुंड्या, हातपंप, कोपऱ्यावर लाल लाळेरं घातलेला जिझो, मुलांचा रक्षक देव. पंचवीसेक वर्षांपूर्वी रिकाम्या घरांत तरुणांनी चहा-कॉफीची आणि जुन्या कपड्यांची दुकानं थाटायला सुरुवात केली. जिने शिडीसारखे उभे, वर बूट काढून जायचं, डोकं सांभाळायचं. बहुतेक दुकानं बारापूर्वी उघडत नाहीत, एका माणसाने निदान एक पेय मागवावं लागतं आणि पुष्कळ ठिकाणी रोख पैसेच चालतात. शेजारच्या घरात माणसं राहतात, तेव्हा दारांचे फोटो आणि मोठ्याने बोलणं आवरावं.

तिथून पूर्वेला तेनजिम्बाशिसुजी. छप्पर घातलेला हा बाजार २.६ किलोमीटर लांब, सुमारे सहाशे दुकानं. जपानमधला सर्वांत लांब म्हणून ओळखला जातो. उत्तर टोकापासून सुरुवात करावी, कारण तिथेच ‘राहणीमान संग्रहालया’त १८३०च्या सुमाराची ओसाकाची गल्ली खऱ्या आकारात उभारली आहे: औषधवाला, पुस्तकवाला, न्हाणीघर. छतावरचा उजेड सकाळ-संध्याकाळ बदलतो. मंगळवारी बंद. खाली बाजारात चाळीस वर्षांची चहाची दुकानं, तळलेले बटाट्याचे क्रोकेट (आत मांस असतं), चष्मे, चपला. ओसाकाच्या मावशी इथे भेटतात. वाघाच्या छापाचा सदरा घालणारी मावशी ही थट्टेची गोष्ट म्हणून ऐकलेली असते. ती खरोखर दिसते, आणि रस्ता विचारला तर सोबत येऊन, पिशवीतून गोळी काढून हातावर ठेवते. ती नाकारायची नसते.

जेवायला किझामी उदोन घ्यावं, बारीक चिरलेल्या तळलेल्या तोफूचं. ओसाकाचा रस्सा फिकट, कोम्बू शेवाळाच्या चवीचा. होक्काइदोचं कोम्बू जहाजांनी पूर्वी इथे उतरायचं, त्यातून ही चव रुजली. पण त्यात कात्सुओ मासळीही असतेच. ‘मांस-मासे खात नाही’ एवढं सांगून रस्सा बदलत नाही, कारण सांगणाऱ्याला तुकडे नकोत असा अर्थ घेतला जातो. ‘कात्सुओ नो दाशी मो दामे देस’ (कात्सुओचा अर्कही चालत नाही) असं स्पष्ट म्हणावं. मग बहुतेक दुकानदार प्रामाणिकपणे नाही म्हणतात. ओकोनोमियाकी या जाड धिरड्याचंही तसंच. वरचे मासळीचे किस नको म्हणता येतात, पिठात आधीच घातलेला अर्क काढता येत नाही.

सोमवार : त्सुरुहाशी, मग ट्रामने सुमियोशी

त्सुरुहाशीला गाडीचं दार उघडताच भाजलेल्या मांसाचा आणि तिळाच्या तेलाचा वास येतो. पर्यावरण मंत्रालयाने २००१ मध्ये निवडलेल्या शंभर ‘सुगंधी दृश्यां’मध्ये या स्टेशनाचा परिसर आहे. दोन रेल्वेमार्ग एकमेकांवरून जातात आणि त्यांच्या पोटात बाजार. युद्धात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळी केलेली ही जागा. युद्धानंतर तिथे काळाबाजार बसला आणि तोच पक्का झाला. पत्र्याखालच्या बोळींत मध्येच ऊन येतं. पिंपांत कोबीचं, मुळ्याचं, काकडीचं, तिळाच्या पानांचं किमची. बायका चिमट्याने चव घ्यायला देतात आणि लगेच वजन विचारतात. किमचीत सुकट किंवा मासळीचं खारं पाणी बहुधा असतंच. नेण्यासाठी घेतलं तर दुहेरी पिशवी मागा. आंबून पिशवी फुगते आणि गाडीत फुटली तर डब्यातलं कोणी विसरत नाही. बुधवारी बाजार बराचसा बंद असतो.

आग्नेयेला पंधरा मिनिटांवर इकुनोचा कोरिया टाउन, जेमतेम अर्धा किलोमीटरचा रस्ता. १९२३ मध्ये कोरियाच्या जेजू बेटाहून ओसाकाला थेट जहाज सुरू झालं, त्यातून कारखान्यांत कामाला माणसं आली. १९४८ मध्ये जेजूतल्या हिंसाचारातून निसटलेलीही इथेच पोहोचली. आजी चालवत असलेल्या दुकानात तांदळाचे वाफवलेले केक आणि श्राद्धाचं सामान. शेजारी नातीच्या वयाच्या मुली कोरियन गायकांचे फोटो आणि चीज-कॉर्नडॉग घेण्यासाठी रांगेत. २०२३ मध्ये उघडलेलं छोटं संग्रहालय आधी पाहिलं तर रस्ता वेगळा दिसतो.

दुपारी तेन्नोजीहून हानकाई ट्राम, शहरातली उरलेली एकमेव. मागच्या दाराने चढायचं, उतरताना चालकाजवळ भाडं. पेटी सुटे परत देत नाही. नोट आधी यंत्रात मोडून घ्यायची, तीही गाडी थांबलेली असताना. या मार्गावर १९२८चे जुने डबे अजूनही कधीकधी धावतात. सुमियोशी-तोरीमाए थांब्यावर उतरलं की समोर देऊळ.

सुमियोशी ताइशा खलाशांचं दैवत. चारही मुख्य गाभारे पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून. छपरं सरळ उताराची, बौद्ध देवळांसारखं वळण नाही. आताचे गाभारे १८१०चे. पुढचा लाल कमानी पूल इतका उभा की चढताना पायऱ्यांवरच नजर ठेवावी लागते. उतरताना खरी कसोटी, ओल्या दिवशी बाजूच्या सपाट पुलाने जावं. मागच्या बाजूला कुंपणाच्या आत बारीक खडी पसरलेली असते आणि माणसं वाकून त्यात काही शोधत असतात. ‘पाच’, ‘मोठा’ आणि ‘शक्ती’ अशी तीन चित्राक्षरं लिहिलेले तीन खडे शोधायचे, छोट्या पिशवीत घालून जवळ ठेवायचे. इच्छा पुरी झाली की घरच्या खड्यांवर तीच अक्षरं लिहून दुप्पट परत आणायचे. वरवर पाहिलं तरी ‘पाच’ लगेच सापडतो, ‘मोठा’ही, ‘शक्ती’ला वेळ लागतो. खडे पालथे पडलेले असतात, ते उलटवून पाहावे.

मंगळवार : ताइशो वॉर्ड आणि फुकटची होडी

समुद्र कुठे गेला, ते ताइशोत दिसतं. भराव घातलेली जमीन, कालवे, पोलादाची गोदामं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरचे लोक इथे कामाला आले. हिराओच्या बाजारात आजही कारली, काळी साखर, साता आंदागी नावाचे तळलेले गोड गोळे आणि सानशिन वाद्याच्या तारा मिळतात. कारल्याची भाजी पाहून हायसं वाटतं, पण त्यात डुकराचं मांस असतं. ‘बुता नुकी’ (डुकराचं मांस वगळून) म्हणून बघावं.

ताइशोत पूल जहाजांसाठी उंच बांधावे लागले. सेनबोनमात्सु पुलाची दोन्ही टोकं गोलगोल फिरत वर चढतात, लोक त्याला ‘चष्मापूल’ म्हणतात. सायकलवाल्याला ती चढण जीव काढणारी, म्हणून खालून महापालिकेची होडी चालते. शहरात अशा आठ जागी होड्या आहेत आणि १९२० पासून त्या फुकट आहेत: पाणी ओलांडणं हा रस्त्याचाच भाग, असा हिशेब. ताइशो स्टेशनासमोरून दक्षिणेकडे जाणारी सिटी बस धरायची (इको कार्ड चालतं). घाटावर लोखंडी फाटक, वेळापत्रकाची पाटी आणि सात-आठ सायकली. होडी टेकली की कर्मचारी दोर टाकतो, सायकली आधी, पायी माणसं मागून. बसायला बाकं नाहीत, कठड्याला धरून उभं राहायचं. अंतर दोन-सव्वादोनशे मीटर, मिनिटभरात पलीकडे. कामावर जाणारे वर बघतही नाहीत. पर्यटक तेवढा मान वाकडी करून पुलाच्या वळणाखाली बघत असतो. जोराचा वारा किंवा दाट धुकं असेल तर होडी बंद ठेवतात.

पलीकडचा काठ निशिनारीचा. वीस मिनिटं चाललं की त्सुमोरी हे नानकाईचं लहानसं स्टेशन लागतं. दोन डब्यांची गाडी अर्ध्या तासाने एक, त्यामुळे वेळ पाहूनच निघावं. किशिनोसातो-तामादेला उतरून एक स्टेशन मागे तेंगाचायाला आलं की विमानतळाची एक्स्प्रेस मिळते, पाऊण तासाच्या आसपास. सामान सकाळीच तेंगाचायाच्या लॉकरमध्ये ठेवलेलं असलं तर पुन्हा शहरात शिरावं लागत नाही. मोठ्या बॅगांचे लॉकर थोडे असतात, नऊच्या आत गाठावे.